ताऱ्यापुरती जागा

मित्रांनो, तुम्ही सगळे त्या नव्या यंत्राभोवती गोळा झाला आहात. त्यात तुमची काही चूक नाही. ते चकचकीत आहे, त्याला निळा दिवा आहे, आणि आज ते तुमच्या शाळेसाठी खास काम करत आहे. तुमच्यातल्या प्रत्येकाला ते आपापलं नाव कोरलेली पितळेची पट्टी भेट देणार आहे. रांग लांब आहे. तुमचा नंबर येईपर्यंत जरा इकडं लक्ष द्या.

खिडकीशी फिती शिवत बसलेल्या त्या आजीबाई दिसतात ना? त्यांच्या टेबलाला तीन खण आहेत. सगळ्यात खालच्या खणात, दोऱ्यांच्या रिळांखाली, टोक मोडलेली आणि गंज चढलेली एक जुनी कोरणी पडून आहे. तीच मी. थोड्या वेळानं तुम्हाला इथून सन्मानाच्या भिंतीकडं नेणार आहेत. तिथले मार्गदर्शक तुम्हाला सगळ्या शूरांच्या गोष्टी सांगतील, आणि चांगल्या सांगतील. मला सांगायचं आहे ते भिंतीवर लिहिलेलं नाही, म्हणून तिथं जायच्या आधीच ऐकून घ्या.

कोरणी म्हणजे धातूवर अक्षरं कोरायचं हत्यार. बोटभर लांबीचं पोलाद, एका टोकाला धार आणि दुसऱ्या टोकाला तळहातात मावेल अशी लाकडी मूठ. माझं पोलाद मात्र साधं नाही. फार वर्षांपूर्वी सातासमुद्रापारच्या एका लढाईतून परतलेला सैनिक या दुकानात आला. त्याच्याकडं मोडक्या संगिनीचा एक तुकडा होता. संगीन म्हणजे बंदुकीच्या तोंडाला लावायचं पातं. तो तुकडा त्यानं थोरल्या मालकांपुढं ठेवला आणि म्हणाला, "याचं काहीतरी बरं करा. मला हे घरात ठेववत नाही."

थोरल्यांनी तो तुकडा तापवला, ठोकला, पाणी दिलं, धार लावली. अशी मी जन्माला आले. त्यांनी माझं काहीतरी बरं केलं असं सगळेच म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं. फक्त एक खोड माझ्या अंगात राहून गेली होती. कुठं मोकळी जागा दिसली की माझं टोक शिवशिवायचं. ही खोड लक्षात ठेवा.

आमचं राज्य तसं छोटं. पण दूरदेशीची कुठलीही लढाई घ्या, तिच्यात आमची माणसं असतातच. जे तिथं मोठं धाडस दाखवतात त्यांचा राज्यातर्फे सन्मान होतो. त्यांना पदक मिळतं. पदकाच्या कडेवर त्यांचं नाव असतं आणि सन्मानाच्या भिंतीवरच्या पितळी पट्टीवरही असतं. दर वर्षी एक पट्टी. ती नावं कोरायची मी. दोन जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन नदी ओलांडणाऱ्या सैनिकाचं नाव मी कोरलं. सगळे मागं हटले तेव्हा हातातला आमटीचा डाव टाकून बंदूक उचलणाऱ्या आचाऱ्याचं नाव मी कोरलं. त्या आचाऱ्याला पदक घेताना इतकं रडू आलं की राज्यपालांनाच त्याला रुमाल द्यावा लागला. मोठमोठे लोक दुकानात येऊन थोरल्यांची अक्षरं निरखून बघायचे, आणि थोरले मला वर धरून म्हणायचे, "माझं काय आहे, सगळं हिचं आहे." त्या दिवसांत माझा तोरा काही विचारू नका.

आता रीत सांगते. भिंतीवर काही नावांच्या आधी तुम्हाला पाच कडांचा छोटा तारा दिसेल. तारा म्हणजे तो माणूस परत आला नाही. पण सन्मान घेतलेली बरीचशी माणसं समारंभ झाला की पुन्हा आपल्या तुकडीत रुजू व्हायची. लढाई चालूच असायची. म्हणून थोरल्यांनी आपल्या मुलाला, म्हणजे पुढं जे आमचे मालक झाले त्यांना, काम शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "प्रत्येक नावाच्या आधी ताऱ्यापुरती जागा सोडायची. कुणाच्याही. नंतर तारा बसवायला जागा नसली तर अख्खी पट्टी वाया जाते."

त्यात त्यांचा दुष्टपणा नव्हता, मित्रांनो. सुतार दार बसवताना बिजागरीला जागा ठेवतो, तसंच ते. ती जागा कुणाच्या डोळ्यावरही यायची नाही. पण ज्यांचं माणूस लढाईवर होतं त्यांना ती बरोबर दिसायची. समारंभाची गर्दी पांगली की एखादी आई हळूच पट्टीजवळ यायची आणि आपल्या मुलाच्या नावाआधीच्या त्या मोकळ्या पितळेवर अंगठा दाबून उभी राहायची. माझ्यापासून काहीतरी झाकून ठेवल्यासारखी.

समारंभाच्या आधी सन्मान कार्यालयाचे कारकून दोन पाकिटं घेऊन यायचे. पांढऱ्यात नवी नावं, खाकीत ताऱ्यांची यादी. नवी पट्टी दुकानात बसून कोरायची, तारे मात्र भिंतीपाशी जाऊन. सकाळच्या वेळी मालक मला आणि छोटी हातोडी घेऊन तिथं जायचे. एका ताऱ्याला पाच घाव, एका कडेला एक. मी खोटं कशाला सांगू? मला ते काम आवडायचं. जागा वाट बघत असायची, मी वाट बघत असायचे, आणि शेवटी एकदाची गाठ पडायची.

मालकांना एकुलती एक मुलगी होती. घरात आणि दुकानात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसली आहे असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. मालकीणबाई, म्हणजे त्याच खिडकीतल्या आजीबाई, पदकांना फिती शिवायच्या आणि भिंगरी टेबलाखाली फितींच्या तुकड्यांत लोळायची. सहा वर्षांची असताना तिनं मला चोरून घेतलं आणि टाकाऊ पितळेवर आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरायला बसली. मी निसटले आणि तिच्या अंगठ्यात घुसले. मालकीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. भिंगरी मात्र रडायच्या ऐवजी मलाच रागावली. तिचं रक्त माझ्या टोकावर वाळलं. ते पुसायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मोठी झाल्यावर भिंगरी सैन्यात गेली. रुग्णपथकात, जखमींना उचलून आणणाऱ्यांत. मालक आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस जेवताना फुटलेच. "दुसरं काही मिळालं नाही तुला? दुकान आहे, हातात कला आहे..."

"बाबा," ती म्हणाली, "जन्मभर तुम्ही शूरांची नावं कोरलीत. त्यांच्या गोष्टी सांगून मला झोपवलंत. आणि आता मी जाते म्हटलं तर घाबरता?"

मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, "पत्र मात्र दर आठवड्याला हवं हं. लांबलचक."

दोन वर्षं पत्रं येत राहिली. समुद्रापलीकडची लढाई काही थांबत नव्हती, आणि खाकी पाकीट दर वर्षी फुगत चाललं होतं. तिसऱ्या वर्षी कारकून पांढरं पाकीट घेऊन आले ते हसतच. "मालक, आज बसून वाचा," ते म्हणाले. यादीत नऊ नावं होती आणि सातवं भिंगरीचं. पेटलेल्या रुग्णतंबूत ती तीनदा शिरली होती आणि अकरा जणांना तिनं ओढून बाहेर आणलं होतं. मालकीणबाई एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या. शेजारपाजारचे लोक दुकानात जमले. मालकांनी मला उचललं तेव्हा त्यांची छाती अभिमानानं फुगली होती, आणि हात बर्फासारखा गार होता.

पट्टीवर त्यांनी पेन्सिलीनं रेघा आखल्या. नऊ नावं, नऊ मोकळ्या जागा. सहा नावं नेहमीसारखी झाली. सातव्याशी आल्यावर ते थांबले. मग त्यांनी पेन्सिलीची रेघ अंगठ्यानं पुसून टाकली, मला पट्टीच्या अगदी डाव्या काठाला टेकवलं आणि तिथूनच नाव सुरू केलं. ताऱ्याला जागाच ठेवली नाही. तीळभरसुद्धा नाही. मग आठवं आणि नववं नाव त्यांनी पुन्हा रीतीप्रमाणं, जागा सोडून कोरलं.

कारकुनांच्या नजरेतून काही सुटत नसे. "सातवं नाव पुढं सरकलंय, मालक."

"हात सरकला."

"तुमचा?" कारकुनांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तीस वर्षांत मालकांचा हात केसभरही सरकला नव्हता, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. "बरं," ते हळूच म्हणाले. "समारंभ उद्यावर आलाय. राहू द्या."

भिंगरी पदक घ्यायला आली. वाद्यं वाजली, भाषणं झाली. आईनं शिवलेली फीत आणि बापानं कोरलेलं नाव तिच्या छातीवर लागलं. मला मालकांनी खिशात आणलं होतं, म्हणून सगळं ऐकता आलं. ती पट्टीजवळ आली आणि खळखळून हसली. "अहो बाबा, माझं नाव रांग मोडून पुढं आलंय! कवायतीत असं केलं असतं ना, तर मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या असत्या." आणि मग तिचं हसू एकदम थांबलं. कामाची रीत तिला लहानपणापासून पाठ होती.

"आठवं नाव आमच्या गाडीच्या चालकाचं आहे," ती म्हणाली. "त्याची आई ती बघा, फुलं घेऊन उभी आहे. तिच्या मुलाला जागा ठेवलीत. मला नाही."

"तू परत येणार आहेस."

"तो येणार नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मालकांनी नजर पट्टीकडं वळवली.

"बाबा, ठेवायची तर सगळ्यांना ठेवा, नाहीतर कुणालाच नको. आणि तशी वेळ आलीच, तर मला खोटं जिवंत ठेवू नका. माझ्या लोकांच्या रांगेत राहू द्या मला. वचन द्या."

त्यांनी वचन दिलं नाही. खिशात मला घट्ट धरून ते उभे राहिले. चार दिवसांनी ती परत गेली. जाताना पदक आईकडं ठेवून गेली, तिथं हरवेल म्हणून.

त्यानंतरच्या वर्षी खाकी पाकिटात त्या पट्टीवरची दोन नावं होती. पहिलं आणि पाचवं. मालक यादी नेहमी खालून वर वाचायचे. अक्षरं लावत वर वर जायचे, आणि शेवटच्या नावाशी पोचल्यावरच त्यांच्या जिवात जीव यायचा. मग मला त्यांची लाज वाटायची, कारण यादीत इतरांची मुलं होतीच की. आम्ही गेलो, एकेका ताऱ्याला पाच घाव घातले, परत आलो. मालकीणबाईंनी भिंतीकडं जाणं सोडलं होतं. पत्रं आता पंधरा दिवसांनी यायला लागली, मग महिन्यानं. शेवटचं पत्र चार ओळींचं होतं. त्यात तिनं आईला विचारलं होतं की टेबलाखाली अजून फितींचे तुकडे पडतात का.

पुढची बातमी पाकिटातून आली नाही. एका दुपारी गणवेशातले दोघे दुकानाच्या दारात उभे राहिले. मालकीणबाई फीत शिवत होत्या. सुई बोटात गेली तरी त्यांना कळलं नाही. पांढरी फीत लाल होत गेली. त्या दोघांना बसा म्हणायचंही भान घरात कुणाला राहिलं नाही. जखमींची गाडी रस्त्यात उडवली गेली होती. चालक आणि भिंगरी दोघेही तिच्यात होते.

समारंभाच्या आधी खाकी पाकीट आलंच. यादीतली दोन नावं, सातवं आणि आठवं, एकाखाली एक होती. मालक मला आणि हातोडी घेऊन भिंतीशी गेले. कारकून सोबत होते आणि चालकाची आई आधीच येऊन थांबली होती. मालकांनी आधी आठव्या नावाचा तारा कोरला. जागा होतीच. पाच घावांत झालं. मग मी सातव्या नावापाशी आले, आणि तिथं मला टेकायलाही जागा नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा माझं टोक शिवशिवलं नाही.

"नवी पट्टी करून घेऊ," कारकून म्हणाले. "मी वर सांगतो."

चालकाच्या आईनं पट्टीवरून हात फिरवला. तिचं बोट सातव्या नावावर थांबलं, मग आपल्या मुलाच्या ताऱ्यावर आलं. तिला सगळं समजलं.

"माझ्या मुलाची जागा तुम्ही आधीच काढून ठेवली होती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. रडलीही नाही. "तो समोर उभा होता, हसत होता, आणि तुम्ही जागा काढून ठेवली होती."

"हो," मालक म्हणाले.

एवढा एकच शब्द. मग त्यांनी मला पट्टीच्या बाहेर, भिंतीच्या काळ्या लोखंडी चौकटीवर टेकवलं. भिंगरीच्या नावाच्या अगदी आधी.

"मालक, ते बीड आहे, ओतीव लोखंड," कारकून घाबरून म्हणाले. "कोरणी मोडेल."

पहिला घाव बसला. पितळ लोण्यासारखं सोलून निघतं. बीड तसं नसतं, ते उलट मारतं. दुसरा, तिसरा, चौथा. माझ्या अंगातून कळा निघाल्या. मला तेव्हा तिचा छोटा अंगठा आठवला. पाचव्या घावाला माझं टोक तडकलं आणि चौकटीतच रुतून बसलं. तारा चार कडांचा झाला, आणि पाचव्या कडेच्या जागी माझा तुकडा राहिला. चालकाची आई जवळ आली आणि तिनं पदरानं लोखंडाचा चुरा पुसून काढला. बराच वेळ ती आणि मालक शेजारी शेजारी उभे होते.

माझं काम तिथं संपलं. मालकांनी मला या खणात ठेवलं, भिंगरीच्या पदकाशेजारी. ते पदक आणि मी, आम्ही एकमेकांशी बोलत नाही. पुढच्या वर्षीची पट्टी त्यांनी दुसऱ्या कोरणीनं कोरली आणि एकाही नावाआधी जागा सोडली नाही. सगळी नावं काठाला चिकटवली. कारकून कपाळाला हात लावून बसले.

"अहो, आता तारा कुठं बसवायचा?"

"बसवायचा असेल तर पट्टी उतरवा," मालक म्हणाले. "सगळी नावं पुन्हा कोरा. एका माणसाला मेलेला म्हणायला एवढे तरी कष्ट पडू द्या."

दोन वर्षं त्यांचं ऐकलं गेलं. मग काम त्यांच्या हातून काढून घेतलं आणि हे यंत्र आलं. मालक फार दिवस राहिले नाहीत. आजीबाई अजून फिती शिवतात. खण उघडतात, दोरा घेतात, बंद करतात. माझ्यावर कधी तेलाचा थेंब पडत नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

मागच्या आठवड्यात कारकून आले होते. आता त्यांचे केस पांढरे झाले आहेत. यंत्रावरच्या बाईंना ते म्हणाले, "यंदा बारा पट्ट्या लागतील."

"बारा? दर वर्षी एकच असते ना? नावं कुठं आहेत?"

"नावं येतील मागाहून. पट्ट्या तयार ठेवा."

"कुठं काही सुरू झालंय का?" बाईंनी विचारलं. कारकुनांनी खिडकीकडं पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि निघून गेले. काल फितींची तीन नवी खोकी आली. आजीबाईंनी ती अजून उघडलेली नाहीत. नुसत्या बघत बसतात.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडं एक मागणं आहे. मला धार लावा, पॉलिश करा, काचेच्या कपाटात ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझं झालं. पण भिंतीसमोर उभे राहाल तेव्हा आपल्या पट्टीवर एकटंच काठाला चिकटलेलं ते सातवं नाव शोधा आणि त्याच्या लगतच्या चौकटीवर बोट फिरवा. जपून फिरवा, टोचेल. मग नव्या पट्ट्यांकडं वळा. तिथं नावांआधी जागा मोकळी दिसेल. ती माणसं या घडीला कुठंतरी बुटांचे बंद बांधत असतील, घरी पत्र लिहीत असतील. तारे मोजून परत येऊ नका. ती माणसं घरी कधी येणार आहेत, ते विचारा. मार्गदर्शकांना विचारा, समारंभाला येणाऱ्या साहेबांना विचारा, टाळ्या थांबवून विचारा. उत्तर मिळालं नाही तर पुन्हा विचारा. मालकांना हे सुचलं तेव्हा फार उशीर झाला होता. तुमच्या हातात अजून वेळ आहे.

तुमचा नंबर आला वाटतं. बाई हाका मारत आहेत. जा, आपापली पट्टी घ्या. यंत्राचं काम सुबक असतं, अक्षर कुठं हलत नाही. त्याला हात नाही, म्हणून त्याचा हात कधी सरकत नाही. त्याला एकदा रीत शिकवली की ते कुणासाठीही मोडत नाही. पट्टी उजेडात धरा आणि नीट बघा. तुमच्या नावाच्या आधी त्यानं थोडी जागा सोडली आहे.